कोणाचा आवाज ऐकू आला? ब्रेक्झिट कौलानंतरच्या लोकप्रतिक्रियांचा प्रकरण अभ्यास

23 जून 2016 रोजी ब्रिटनच्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता: युनायटेड किंगडमने युरोपीय संघात राहावे की त्यातून बाहेर पडावे? 72.2 टक्के मतदारांनी मतदान केले. बाहेर पडण्याच्या बाजूने 1 कोटी 74 लाख 10 हजार 742 आणि राहण्याच्या बाजूने 1 कोटी 61 लाख 41 हजार 241 मते पडली, म्हणजे 51.9 विरुद्ध 48.1 टक्के. हा कौल का लागला, यावर विपुल लिहिले गेले आहे. या अभ्यासाचा विषय त्याच्या पुढचा आहे. निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत लोकांनी तो कसा घेतला, आणि त्या प्रतिक्रियांचा अर्थ लावताना राजकारणी व वृत्तमाध्यमे कोठे चुकली, हे येथे पाहायचे आहे. माझे म्हणणे असे की, सर्वांत मोठ्याने ऐकू आलेल्या प्रतिक्रियेलाच देशाचे मन समजण्याची चूक त्या काळात सर्रास झाली; आणि ज्यांचे दैनंदिन आयुष्य या कौलाने थेट बदलणार होते त्यांतील फार मोठा समूह मतदार यादीतही नव्हता आणि नंतरच्या गदारोळातही जवळजवळ दिसला नाही.

मतदार कोण होते

ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, सामील झाले आणि 5 जून 1975 च्या सार्वमतात 67.2 टक्के मतदारांनी त्या सदस्यत्वावर शिक्कामोर्तब केले. पुढे 2004 मध्ये पूर्व युरोपातील देश संघात आले, तेव्हा त्यांच्या नागरिकांना पहिल्याच दिवसापासून आपल्याकडे काम करू देणाऱ्या मोजक्या देशांत ब्रिटन होते. तेथपासून स्थलांतर हा घरगुती राजकारणाचा विषय झाला. हुजूर पक्षातील युरोपविषयीची जुनी फूट आणि संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या युकिप या पक्षाची वाढती मते यांच्या दबावाखाली पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी 2013 मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले, आणि 2015 च्या निवडणुकीत स्पष्ट बहुमत मिळाल्यावर ते पाळणे त्यांना भाग पडले.

प्रतिक्रिया समजून घेण्यासाठी या इतिहासापेक्षा मताधिकाराचा नियम अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी झाली. अठरा वर्षांवरील ब्रिटिश व आयरिश नागरिकांबरोबर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होते. माल्टा आणि सायप्रस राष्ट्रकुलात असल्याने तेथील लोकांनाही ते मिळाले. पोलंड, रुमानिया, फ्रान्स, पोर्तुगाल अशा संघातील इतर देशांचे जे लाखो लोक वर्षानुवर्षे ब्रिटनमध्ये राहत होते, कर भरत होते आणि मुले शाळेत घालत होते, त्यांना मात्र मत नव्हते. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेले ब्रिटिश नागरिकही वगळले गेले होते. स्कॉटलंडच्या 2014 च्या स्वातंत्र्य-सार्वमतात सोळा व सतरा वर्षांच्या मुलामुलींनी मत दिले होते. येथे त्यांना ती संधी मिळाली नाही. म्हणजे पुण्याहून नोकरीसाठी लंडनला गेलेल्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या अभियंत्याला या प्रश्नावर मत देता येत होते, पण गोव्यात जन्मून पोर्तुगीज नागरिकत्वावर स्विंडनमध्ये राहणाऱ्या कामगाराला ते देता येत नव्हते. संघातील सदस्यत्व गेल्याने भारतीय अभियंत्याच्या व्हिसात काही फरक पडणार नव्हता, स्विंडनच्या त्या कामगाराचा राहण्याचा आधारच मात्र त्या सदस्यत्वावर होता.

ती रात्र आणि ती सकाळ

मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात न्यूकॅसलचा निकाल आला. तेथे राहण्याच्या बाजूला मोठी आघाडी अपेक्षित होती. मिळाली ती जेमतेम, 50.7 टक्के. मग सुमारे सव्वाबाराच्या पुढे संडरलँडने 61.3 टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि चलन बाजारात पौंड तत्काळ कोसळू लागला. पहाटे पाचच्या आत बीबीसीने निकाल स्पष्ट झाल्याचे सांगितले. सकाळी कॅमेरून यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. आदल्या रात्री दीड डॉलरपर्यंत चढलेला पौंड सुमारे 1.32 डॉलरपर्यंत घसरला; 1985 नंतर तो इतका खाली आला नव्हता. मुंबईचा बाजार त्या वेळी चालूच होता. सेन्सेक्स दिवसभरात हजारांहून अधिक अंशांनी कोसळला आणि सुमारे 605 अंशांच्या घसरणीवर बंद झाला. जॅग्वार लँड रोव्हरची मालकी असल्याने टाटा मोटर्सच्या समभागाला त्या दिवशी मोठा फटका बसला.

संडरलँडमधील जल्लोषाचे चित्र जगभर फिरले आणि त्याबरोबर एक अर्थही फिरला. ज्या शहरात निसानचा कारखाना सुमारे सात हजार लोकांना रोजगार देत होता आणि त्यातील बहुसंख्य गाड्या युरोपात विकल्या जात होत्या, त्या शहराने आपल्याच पोटावर पाय दिला, असा तो अर्थ होता. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मतदानाच्या दिवशी बारा हजारांहून अधिक मतदारांची लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी करविलेली पाहणी पाहावी. बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी 49 टक्क्यांनी सर्वांत मोठे कारण म्हणून ‘ब्रिटनविषयीचे निर्णय ब्रिटनमध्येच व्हावेत’ हे तत्त्व सांगितले. स्थलांतरावर व सीमांवर नियंत्रण परत मिळावे, हे कारण 33 टक्क्यांनी पुढे केले. ज्या भागातील गोद्या आणि कोळशाच्या खाणी पूर्वीच बंद पडल्या होत्या, त्या भागात ‘अर्थव्यवस्थेला धोका आहे’ हा इशारा अनेकांना दुसऱ्याच कोणाच्या अर्थव्यवस्थेविषयीचा वाटला, असे तेथील मुलाखतींतून पुन्हा पुन्हा दिसते. या भावनेशी सहमत व्हावे असे नाही, पण तिला अडाणीपणा म्हणणे चुकीचे होते.

हरलेल्यांचा गजर

पहिल्या आठवड्यात ऐकू आला तो मुख्यतः हरलेल्या बाजूचा आवाज. संसदेच्या याचिका संकेतस्थळावर एक याचिका होती: मतदान 75 टक्क्यांहून कमी झाले आणि विजयी बाजूला 60 टक्क्यांहून कमी मते मिळाली, तर सार्वमत पुन्हा घ्यावे. निकालानंतर तिच्यावर सह्यांचा असा ओघ लागला की संकेतस्थळ काही काळ बंद पडले. अखेरीस सह्या 41 लाखांवर गेल्या. खोट्या असल्याच्या संशयावरून सुमारे 77 हजार सह्या काढून टाकाव्या लागल्या. सह्यांचा जोर लंडन, ब्रायटन, ब्रिस्टल, केंब्रिज अशा, मुळातच राहण्याच्या बाजूने भरभरून मत दिलेल्या शहरांत होता.

या याचिकेचा उगम लक्षात घेण्यासारखा आहे. ती निकालानंतर निघाली नव्हती. मतदानाआधी जवळजवळ महिनाभर ती दाखल झाली होती, आणि दाखल करणारा कार्यकर्ता बाहेर पडण्याच्या बाजूचा होता. आपली बाजू थोडक्यात हरेल, या भीतीने त्याने ती मागणी केली होती. युकिपचे नेते नायजेल फराज यांनीही मे महिन्यात म्हटले होते की, 52 विरुद्ध 48 असा निकाल लागला तर विषय संपला असे मानता येणार नाही. निकाल नेमका त्याच प्रमाणात लागला, पण उलट दिशेने, आणि मग एका बाजूचा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा उचलला. दोष येथे सह्या करणाऱ्यांपेक्षा सार्वमताच्या कायद्याकडे अधिक जातो. 1979 मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी झालेल्या सार्वमतात एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची किमान अट होती. 2015 च्या कायद्यात अशी कोणतीही अट नव्हती, आणि निकालानंतर सरकारने नेमके काय करावे तेही त्यात लिहिलेले नव्हते. सरकारने जुलैमध्ये याचिका फेटाळली. 5 सप्टेंबरला संसदेत तिच्यावर औपचारिक चर्चा झाली आणि त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही.

याच दिवसांत पश्चात्तापाची कथा रुजली. आपले मत खरोखर मोजले जाईल असे वाटले नव्हते, असे बीबीसीला सांगणाऱ्या मँचेस्टरच्या एका मतदाराची चित्रफीत सर्वत्र फिरली. ‘युरोपीय संघ म्हणजे काय?’ हा प्रश्न निकालानंतर गूगलवर वाढत्या प्रमाणात विचारला जात असल्याची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘आधी मत, मग अभ्यास’ अशा थाटात छापली. गूगलचा तो तक्ता शोधांची सापेक्ष वाढ दाखवतो. विचारणारे किती होते, त्यांनी कोणाला मत दिले होते किंवा ते मतदार तरी होते का, यातले काहीच तो सांगत नाही. एका मुलाखतीवरून आणि एका तक्त्यावरून पावणेदोन कोटी मतदारांच्या मनाचा निर्वाळा देण्यात आला. पुढच्या काळातील पाहण्यांत असे दिसले की दोन्ही बाजूंचे बहुसंख्य मतदार आपल्या मतावर ठाम होते, आणि ज्यांना चुटपुट लागली ते थोडे होते.

जिंकलेल्यांची शांतता

75.6 टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने देणारे लिंकनशायरमधील बॉस्टन हे देशात त्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाण असलेले ठिकाण ठरले. भाजीपाल्याची शेती आणि बांधाबांधीचे कारखाने यांवर चालणाऱ्या या छोट्या शहरात दशकभरात पूर्व युरोपातून कामगार मोठ्या संख्येने आले होते. घरांची भाडी, दवाखान्यातील रांगा, शाळांतील जागा आणि हातावर पोट असणाऱ्यांच्या मजुरीचे दर ही तेथील लोकांची गाऱ्हाणी होती. अशा गावांतून निकालानंतर ना मोर्चे निघाले ना याचिका. ज्यांना हवे ते मिळाले त्यांना रस्त्यावर येण्याचे कारण नव्हते. म्हणूनच 2 जुलैला लंडनमध्ये युरोपच्या बाजूने हजारो लोक निघाले तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर देश एकाच बाजूला असल्यासारखा दिसला.

या शांततेखाली एक राग होता. आपल्याला मूर्ख, म्हातारे, वंशद्वेषी म्हटले जाते, हे या मतदारांना ऐकू येत होते. पासष्टीच्या पुढच्या मतदारांतील सुमारे 60 टक्के बाहेर पडण्याच्या बाजूचे आणि पंचविशीच्या आतले 73 टक्के राहण्याच्या बाजूचे, हे आकडे ॲशक्रॉफ्ट पाहणीतलेच. पण त्यांच्या आधारे ‘वडीलधाऱ्यांनी आमचे भविष्य हिरावले’ असा जो सूर लागला, त्याने घराघरांत कटुता आणली. आईवडील आणि मुले यांच्यात त्या उन्हाळ्यात झालेले अबोले हा या प्रकरणाचा कोणत्याही तक्त्यात न मावणारा भाग आहे, आणि तो मला फार क्लेशदायक वाटतो.

जिंकलेल्यांमध्येही अस्वस्थतेचे एक कारण लगेच पुढे आले. संघाला दर आठवड्याला जाणारे 35 कोटी पौंड राष्ट्रीय आरोग्य सेवेला देऊ, असे सुचवणारा मजकूर प्रचाराच्या लाल बसवर रंगवलेला होता. तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचे सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच सांगितले होते. निकालाच्या सकाळीच फराज यांनी दूरचित्रवाणीवर त्या आश्वासनाची हमी देण्यास नकार दिला आणि तसे सांगणे ही चूक होती असे म्हटले. तो प्रचार त्यांच्या गटाचा नव्हता, हे खरे. तरीही ज्याने आरोग्य सेवेसाठी मत दिले त्याच्या दृष्टीने हा फरक निरर्थक होता. 56.5 टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल देणाऱ्या कॉर्नवॉलच्या परिषदेने निकाल लागताच संघाकडून मिळणारा निधी भरून देण्याची हमी मागितली. वेल्समधील एब्बव्हेल येथे 2002 मध्ये पोलाद कारखाना बंद झाल्यावर संघाच्या पैशातून बरेच काही उभे राहिले होते, पण ते गाव ज्यात येते त्या ब्लेनाइ ग्वेंटने 62 टक्क्यांनी बाहेरचा रस्ता धरला. मदतीचा फलक लोकांना रोज दिसत होता, पण गेलेली नोकरी त्याने परत आली नव्हती.

भीतीची बाजू

मतदानाच्या आठवडाभर आधी, 16 जूनला, मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची बर्स्टल येथे त्यांच्या मतदारसंघात गोळ्या झाडून व भोसकून हत्या झाली होती. दोन्ही बाजूंनी काही दिवस प्रचार थांबवला. तरीही निकालाच्या पहाटे फराज यांनी एकही गोळी न झाडता हा विजय मिळाल्याचे म्हटले. त्या वाक्याने अनेकांना झालेली वेदना समजण्यासारखी आहे.

निकालानंतर परकीय दिसणाऱ्या, परकी भाषा बोलणाऱ्या लोकांना ‘आता घरी जा’ असे सुनावले जाऊ लागले. केंब्रिजशायरमधील हंटिंग्डन येथे पोलिश लोकांना कीड म्हणणारी पत्रके सापडली. लंडनच्या हॅमरस्मिथमधील पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर अपमानास्पद मजकूर रंगवला गेला. त्यानंतर शेजारच्या इंग्रज रहिवाशांनी तेथे फुले आणि पत्रे आणून ठेवली. परक्यांना सुरक्षित वाटावे म्हणून कपड्यांवर सेफ्टी पिन लावण्याची मोहीमही निघाली. जुलै 2016 मध्ये इंग्लंड व वेल्सच्या पोलिसांनी नोंदवलेले वांशिक वा धार्मिक द्वेषातून झालेले गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा 41 टक्क्यांनी जास्त होते. द्वेष एका रात्रीत जन्मत नाही. देशातील निम्म्याहून अधिक लोक आपल्यासारखेच आहेत, असा गैरसमज मूठभरांना त्या निकालाने मिळाला आणि त्यांची भीड चेपली. बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्या बहुसंख्य माणसांचा या प्रकारांशी संबंध नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवे.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड

स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने 55.8 टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता. स्कॉटलंडच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनी त्याच दिवशी स्वातंत्र्याचे दुसरे सार्वमत बहुधा घ्यावे लागेल, असे जाहीर केले. उत्तर आयर्लंडमध्ये प्रतिक्रिया अधिक व्यावहारिक होती: टपाल कार्यालयांतील आयरिश पासपोर्टचे अर्ज संपले, आणि आयर्लंडच्या परराष्ट्रमंत्र्यांना घाई करू नका असे आवाहन करावे लागले. बाहेर पडण्याची बाजू घेणारे युनियनवादी (उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्येच राहावे असे मानणारे) खासदार इयन पेझ्ली धाकटे यांनीसुद्धा मतदारांना, मिळत असेल तर तो पासपोर्ट घ्या, असाच सल्ला दिला.

दक्षिण आशियाई मतदार

मोठी दक्षिण आशियाई वस्ती असलेल्या शहरांपैकी लेस्टरने 51.1 टक्क्यांनी राहण्याची, तर स्लाउने 54.3 टक्क्यांनी बाहेर पडण्याची बाजू घेतली. लंडनच्या अशाच भागांपैकी ईलिंग व हॅरो राहण्याच्या, हिलिंग्डन बाहेरच्या बाजूचे ठरले. शहराच्या आकड्यावरून तेथील एखाद्या समाजाचे मत काढता येत नाही. ॲशक्रॉफ्ट पाहणीनुसार आशियाई वंशाच्या मतदारांतील सुमारे दोन तृतीयांश राहण्याच्या बाजूचे होते. उरलेल्यांचा युक्तिवाद मात्र गंभीरपणे ऐकण्याजोगा होता. युरोपातील कोणीही विनाअट येऊ शकतो, आणि आमच्या नातलगांना व स्वयंपाक्यांना मात्र उत्पन्नाच्या नि पगाराच्या अटी, ही विषमता त्यांना खटकत होती. हुजूर पक्षाच्या भारतीय वंशाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी याच धाग्यावर प्रचार केला, आणि बांगलादेशी उपाहारगृहचालकांच्या संघटनेने त्यामुळेच बाहेर पडण्याला पाठिंबा दिला. स्वयंपाक्यांसाठी दार उघडले नाही तेव्हा त्या व्यवसायातून फसवणुकीची भावना उघड व्यक्त झाली.

स्विंडनचे गोवेकर

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुलांना व नातवंडांना, लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. सासष्टी, बार्देशसारख्या तालुक्यांतील अनेक कुटुंबांनी ते घेतले, आणि पोर्तुगालमध्ये न थांबता लंडनच्या साउथॉल व हाउन्स्लो भागांत आणि विल्टशायरमधील स्विंडनमध्ये संसार थाटले. गोदामे, कारखाने, साफसफाई आणि वृद्धांची शुश्रूषा ही बहुतेकांची कामे. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने पोर्तुगीज पासपोर्ट हाती येताच भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला तर परतण्यासाठी गावी घर असले तरी तेथे नागरिक म्हणून उभे राहता येत नाही.

त्या स्विंडनने सुमारे 54.7 टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. गोवेकरांची प्रतिक्रिया मोर्च्यांत दिसली नाही. ती कागदपत्रांत दिसली. गोव्यात जन्मदाखले, विवाहनोंदी आणि पोर्तुगीज काळातील नोंदवह्यांचे उतारे काढून देणाऱ्यांकडे गर्दी वाढली, कारण मुदत संपण्याआधी ब्रिटन गाठायचे होते. जे तेथे होते त्यांनी नवरा-बायको, मुले, वृद्ध आईवडील यांना लवकर बोलावून घेतले. ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी संघातून बाहेर पडले आणि 31 डिसेंबर 2020 ला संक्रमणकाळ संपला. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर तेथे नव्याने जाऊन राहण्याचा हक्क उरला नाही. जुलै 2021 मध्ये स्विंडनचा होंडा कारखानाही बंद झाला, सुमारे साडेतीन हजार थेट नोकऱ्या गेल्या. कंपनीने त्याचे कारण जागतिक वाहन उद्योगातील बदल असे दिले, ब्रेक्झिट नव्हे.

मोजदादीबाहेरची माणसे

मताधिकार नसलेल्या युरोपीय रहिवाशांचा पहिला संघटित आवाज 2016 च्या उन्हाळ्यात ब्रिस्टलमध्ये उमटला. ‘द थ्री मिलियन’ हे त्यांच्या संघटनेचे नाव त्या वेळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तीस लाखांच्या अंदाजावरून पडले होते. आम्हाला वाटाघाटीतील प्यादी करू नका, एवढीच त्यांची मागणी होती. पण राहण्याच्या हक्काची योजना सर्वांसाठी खुली व्हायला मार्च 2019 उजाडला. तोवर जवळजवळ तीन वर्षे ही माणसे आपले पुढे काय होणार, हे ठाऊक नसताना घरभाड्याचे करार करत होती, मुलांना शाळेत घालत होती आणि कामावर जात होती.

या योजनेसाठी सरकारने 35 ते 41 लाख अर्ज गृहीत धरले होते. 30 जून 2021 रोजी मुदत संपली तेव्हा साठ लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्यांत काही दुबार अर्ज होते आणि काही अर्ज संघाबाहेरील कुटुंबीयांचे होते, तरीही फरक प्रचंड राहतो. सर्व युरोपीय नागरिकांना राहण्यासाठी नोंदणी करावी लागत नसल्याने ते नेमके किती आहेत हे कोणत्याही खात्याला ठाऊक नव्हते. स्थलांतराच्या संख्येवरून एवढा वाद झालेल्या सार्वमतात ही संख्या दोन्ही बाजूंच्या हाती नव्हती. अर्जदारांत पोलंड आणि रुमानियाचे लोक सर्वाधिक होते आणि पोर्तुगाल पहिल्या पाच देशांत होता. ती आकडेवारी नागरिकत्वानुसार ठेवलेली असल्याने मडगाव किंवा म्हापसा परिसरातून आलेला अर्जदारही तिच्यात केवळ पोर्तुगीज म्हणूनच नोंदला गेला आहे.